परदेशी कुत्रा, देशी गोचीड : आयातीच्या नियमांची उलटतपासणी

पालघर तालुक्यातील शिक्षकांच्या एका शिबिरात परजीवींच्या जीवनचक्रांवर आमचे तासभर बोलणे झाले. त्यानंतर एका बाईंनी प्रश्न विचारला. बोईसरच्या त्यांच्या शाळेशेजारी एक कुटुंब इटलीतून मुक्काम हलवून राहायला आले होते आणि बरोबर त्यांचा कुत्राही आला होता. मधल्या सुट्टीत मुले कुंपणातून हात घालून त्याला कुरवाळत. "सर, विमानतळावर तपासून सोडलेला कुत्रा आहे, कागद सगळे आहेत म्हणतात. मग मुलांनी हात लावला तर हरकत नाही ना?" आम्ही उत्तर दिले, "कागद पुरे असतील तर हरकत नाही. जपायचे ते गावच्या कुत्र्यांपासून."

बाईंचे समाधान झाले. आमचे मात्र परतीच्या गाडीने सफाळे गाठेपर्यंत टिकले नाही. परजीवी शरीरात असूनही कुत्रा धडधाकट दिसू शकतो, हे आम्ही तासभर सांगितले होते आणि शेवटी एका कागदावर विसंबून मोकळे झालो होतो. उत्तराचा पहिला भाग चुकीचा होता आणि दुसरा त्याहून चुकीचा. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. आणि ज्या नियमांच्या भरवशावर ते उत्तर दिले, त्या नियमांची तपासणीही.

नियम काय पाहतो?

परदेशी जनावरांच्या आयातीसंबंधीचा आपला मूळ कायदा १८९८ सालचा आहे. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेग पसरलेला होता, साथरोगांचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता, आणि रोग बंदरातून आत येतो ही जाणीव सरकारी यंत्रणेत पक्की बसली होती. त्या कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने वेळोवेळी नियम केले. परदेशातून येणारा कुत्रा मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा ठरावीक ठिकाणांहूनच देशात येऊ शकतो आणि तेथे पशुसंगरोध सेवेचा, म्हणजे जनावरांच्या क्वारंटाइनचा अधिकारी त्याला तपासतो. २०१६ साली केंद्राने आणखी एक आदेश काढून विक्री व पैदाशीसाठी कुत्रे आणण्यावर बंदी घातली; घरचा पाळीव कुत्रा, संशोधन संस्था आणि पोलीस व सैन्यदले यांच्यापुरती वाट मोकळी ठेवली.

कुत्र्याबरोबर त्या देशाच्या सरकारी पशुवैद्याचा दाखला लागतो. त्यात मुख्य गोष्टी दोन. एक, रेबीजची लस निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी आणि ठरावीक मुदतीच्या आत दिलेली असावी. दुसरी, डिस्टेंपर, रेबीज, लेश्मानियासिस, लेप्टोस्पायरोसिस, खरूज अशा रोगांची लक्षणे कुत्र्यात दिसत नसावीत. येथे पोहोचल्यावर अधिकारी कागद आणि कुत्रा दोन्ही पाहतो. कागद ठीक असतील आणि कुत्रा निरोगी दिसला तर त्याला सामान्यतः घरी सोडले जाते.

टीका करण्यापूर्वी या नियमाचे श्रेय त्याला द्यायला हवे. रेबीजची अट चांगली आहे. ती कुत्रा कसा दिसतो हे विचारत नाही, त्याच्यासाठी काय केले आणि कोणत्या तारखेला केले हे विचारते. लस दिली की नाही हे ताडून पाहता येते. महिनाभराची अटही मनाने ठरवलेली नाही. लसीनंतर शरीरात प्रतिकारद्रव्ये तयार व्हायला वेळ लागतो, तो तिने धरलेला आहे. म्हणजे ही अट रोगाच्या जीवशास्त्रावर बेतलेली आहे. आमचा आक्षेप असा की परजीवींच्या बाबतीत नियमाने ही शिस्त सोडून दिली.

"लक्षणे नाहीत" याचा अर्थ

लेश्मानियासिस हा रोग एका सूक्ष्म एकपेशीय परजीवीमुळे होतो आणि वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. डासापेक्षाही लहान असलेली ही माशी भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. भारतात या कुळातला परजीवी काळा आजार घडवतो. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेश या राज्यांत १९९२ साली या आजाराच्या ७७ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. कित्येक वर्षांच्या फवारणीने आणि औषधोपचाराने २०२२ मध्ये ही संख्या हजाराच्या खाली आली. आपल्याकडचा हा परजीवी माणसाकडून माशीकडे आणि माशीकडून माणसाकडे असा फिरतो. कुत्र्याची त्याला गरज पडत नाही.

इटली, स्पेन, ग्रीस, पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये याचा एक भाऊबंद आहे. त्याचे मुख्य बिऱ्हाड म्हणजे कुत्रा. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तीन महिने जाऊ शकतात, तशी काही वर्षेही जाऊ शकतात. अनेक कुत्र्यांत ती कधीच दिसत नाहीत. अशा कुत्र्याबद्दल "लक्षणे दिसत नाहीत" असा दाखला देणारा पशुवैद्य पूर्ण खरे बोलत असतो आणि त्या खऱ्या बोलण्याचा आपल्याला काहीही उपयोग नसतो. यादीत रोगाचे नाव घालून नियमाने प्रश्न योग्य विचारला, पण त्याचे उत्तर जेथे मिळत नाही तेथे शोधले. रक्ततपासणीने हे उत्तर बऱ्याच अंशी मिळू शकते.

"पण येथे तो परजीवी पसरवणारी माशी आहे का?" असे कोणी विचारील. हा प्रश्न रास्त आहे. वाळूमाशीच्या जाती अनेक आहेत आणि प्रत्येक जात प्रत्येक परजीवी वाहू शकतेच असे नाही. पण वाळूमाशी महाराष्ट्राला परकी नाही; १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून ज्या विषाणूचे नाव पडले, त्याचाही प्रसार वाळूमाशीच करते. शिवाय माशीवाचूनही हा परजीवी टिकू शकतो, हे अमेरिकेत दिसले आहे. १९९९ साली न्यूयॉर्क राज्यातील एका शिकारी मंडळाच्या फॉक्सहाऊंड कुत्र्यांत हा रोग आढळला. शोध घेता घेता १८ राज्ये आणि कॅनडाचे २ प्रांत येथील फॉक्सहाऊंडांत लागण सापडली. युरोपातून आणलेल्या एखाद्या कुत्र्याबरोबर तो पूर्वी कधीतरी आला असावा. तेथे तो मुख्यतः कुत्रीकडून तिच्या पिलांना, जन्मापूर्वीच, मिळत राहिला. माणसांत तो पसरल्याचे आढळले नाही; पण पिढ्यान्‌पिढ्या तो मुक्कामाला राहिला, आणि ही गोष्ट कोणत्याही विमानतळावर कोणाच्याही डोळ्यांना दिसली नसती.

आतड्यातला पाहुणा

दुसरा आक्षेप पोटातल्या कृमींबद्दल. रोगांच्या त्या यादीत एकाही पट्टकृमीचे, म्हणजे टेपवर्मचे नाव नाही. तुलनेसाठी ब्रिटनची अट पाहावी. युरोपात कोल्ह्या-कुत्र्यांच्या आतड्यात राहणारा एक पट्टकृमी आहे. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात कर्करोगासारखी पसरत जाणारी गाठ होते. ब्रिटनमध्ये हा कृमी नाही. तो येऊ नये म्हणून तेथे जाणाऱ्या कुत्र्याला पशुवैद्याने प्राझिक्वांटेल हे औषध प्रवेशापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत दिलेले असावे लागते. आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे या देशांतही अशीच अट आहे.

या अटीत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कुत्र्याला कृमी आहे की नाही हे कोणी पाहतच नाही, कारण कृमी असलेला कुत्राही निरोगीच दिसतो. सरसकट औषध दिले जाते. आणि वेळेला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. फार आधी औषध दिले तर मधल्या काळात पुन्हा लागण होईल. अगदी निघताना दिले तर मेलेल्या कृमींबरोबर अंडी नव्या देशात पडतील. कृमीचे जीवनचक्र पुढे ठेवून कायद्याचे कलम लिहिले तर ते कसे दिसते, याचा हा नमुना आहे. वर्गात जीवनचक्राची आकृती काढून घेताना "हिचा उपयोग काय?" असे विद्यार्थ्याने विचारले तर हे उदाहरण द्यावे.

तीन प्रश्नांची चाळणी

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की परदेशी कुत्रा म्हणजे संकट. तसे नाही. कोणत्याही परजीवीच्या धोक्याचा अंदाज घेताना तीन प्रश्न ओळीने विचारावे लागतात : तो येईल का? आला तर टिकेल का? टिकला तर माणसापर्यंत पोहोचेल का? तिन्हींची उत्तरे "हो" असतील तरच खरी काळजी.

युरोपातला तो पट्टकृमी घ्या. एखाद्या कुत्र्याबरोबर तो पालघरला येऊही शकेल. पण त्याची अंडी थंडीत टिकतात, उष्णता आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही. त्याला मधला पोशिंदा म्हणून लागणारे थंड प्रदेशातले उंदीरही येथे नाहीत. आपल्याकडचा मे महिना हाच त्याचा संगरोध अधिकारी. म्हणजे ब्रिटनची अट जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. तिच्यामागचा विचार उचलावा. लेश्मानियाच्या बाबतीत पहिले उत्तर "हो", दुसरे "कदाचित", म्हणून तिसऱ्याची वाट न पाहता रक्ततपासणी मागणे शहाणपणाचे. आणि कुत्र्याचा गोलकृमी, अंकुशकृमी, मेंढ्या-बकऱ्यांत गाठी करणारा पट्टकृमी, गोचिडीतून पसरणारे रक्तातले परजीवी यांच्याबाबत पहिला प्रश्न विचारण्याची गरजच नाही. ते येथे आहेतच, बरेचसे पूर्वीपासून.

येथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्रजी अमदानीत मद्रासच्या शिकारी मंडळापाशी विलायती वंशाच्या हाऊंड कुत्र्यांचा कळप होता. १९१० साली पॅटन या संशोधकाने त्या कुत्र्यांच्या रक्तात एक नवाच परजीवी पाहिला. नंतर तो तेथल्या कोल्ह्यांच्या रक्तातही सापडला. तांबड्या रक्तपेशी फोडून कुत्र्याला पांडुरोगाने खंगवणारा हा परजीवी आज बबेसिया गिब्सोनी या नावाने ओळखला जातो. गोचीड त्याची वाहक. त्याच्याही आधी, १९०५ साली, कुत्र्याच्या रक्तातला हेपॅटोझून हा परजीवी जेम्स यांनी भारतातच प्रथम वर्णन केला होता. आज बबेसिया गिब्सोनी जपान, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, युरोप येथे सर्वत्र नोंदला गेला आहे, आणि हा पसार मुख्यतः कुत्र्यांच्या प्रवासामुळे झाला. हे परजीवी माणसाला बाधत नाहीत, पण मुद्दा वेगळाच आहे. परदेशी कुत्रा आपल्याकडे रोग आणतो हे जेवढे खरे, त्याहून अधिक वेळा तो येथे येऊन रोग घेतो. बोईसरला आलेल्या त्या इटालियन कुत्र्याची काळजी करायची तर पहिली काळजी त्याच्यासाठीच करायला हवी. आपल्या गोचिडींशी त्याची कधी गाठ पडलेली नाही.

नाकेबंदी कितीही कडक असली तरी आत वाहक तयार असेल तर काय होते, हे ऑस्ट्रेलियात दिसले. कुत्र्यांच्या आयातीचे तेथील नियम जगात कडक समजले जातात. एर्लिकिया या गोचीडजन्य जीवाणूसाठी रक्ततपासणीचीही अट होती. तरीही मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातील कुत्र्यांत तो सापडला आणि मग उत्तरेकडच्या मोठ्या प्रदेशात पसरलेला आढळला. त्याला वाहणारी तपकिरी गोचीड तेथे आधीपासून होती. एकदा ठिणगी पडली आणि गवत वाळलेलेच होते. आपल्याकडेही हीच गोचीड आहे. भिंतीच्या भेगांत, कुत्र्याच्या अंथरुणाखाली ती राहते आणि एक मादी हजारो अंडी घालते.

बोईसरची वेस

आता तिसरा आणि आमच्या मते सर्वांत मोठा आक्षेप. नियमाने देशाची हद्द ही रोगाची हद्द मानली. परजीवीला पासपोर्ट कळत नाही. पालघर जिल्ह्यात दिसणारे बहुतेक परदेशी जातीचे कुत्रे परदेशातून आलेलेच नसतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, आणि अलीकडे आपल्या उकाड्यात धापा टाकणारे हस्कीसुद्धा, देशातच पैदास झालेले असतात. ते मुंबईहून मनोरमार्गे मोटारीने येतात, गुजरातेतून तलासरीची हद्द ओलांडून येतात, कधी पिशवीतून लोकल गाडीने येतात. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, आणि देशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून माणसे येथे आली. बदलीवर आलेल्या बिऱ्हाडाबरोबर कुत्राही येतो. केरळात कुत्र्याच्या कातडीखाली राहणारा एक सुतासारखा कृमी डासांमार्फत माणसातही शिरतो. डॉक्टरांनी तो रुग्णांच्या डोळ्यातून काढल्याच्या अनेक नोंदी आहेत. असा कृमी रक्तात असलेला कुत्रा केरळातून बोईसरला आला तर त्याला कोठे कोणी विचारत नाही. डास मात्र येथे मुबलक आहेत.

पिलांची गोष्ट आणखी बोलकी आहे. कुत्र्याचा गोलकृमी आईच्या शरीरातून गर्भातल्या पिलात जातो. पिलू जन्मतःच कृमी घेऊन येते आणि तीन आठवड्यांचे होते तोच त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांखालील पिलू विकता कामा नये. पिलू घेताना हे दोन प्रश्न विचारणारे किती जण आपल्याला माहीत आहेत? जन्मापासून दुसऱ्या आठवड्यात सुरू करून दर पंधरवड्याला जंताचे औषध दिलेले पिलू आणि काहीच न दिलेले पिलू दिसायला सारखेच गोंडस असते.

बोईसर स्टेशनच्या पुलावर संगरोध अधिकारी बसवावा असे आम्ही म्हणत नाही. पण "आयात" या शब्दाचा अर्थ येथे तरी बदलायला हवा. परजीवीच्या दृष्टीने आयात म्हणजे एका परिसरातला पोशिंदा दुसऱ्या परिसरात जाणे. मग तो विमानाने गेला काय किंवा लोकल गाडीने.

नियमाच्या बाजूने

नियम करणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे. ते म्हणतील, रक्ततपासणीला खर्च येतो. लागण ताजी असेल तर तीही चुकते. आणि वर्षाकाठी येणारे थोडे परदेशी कुत्रे कोठे आणि देशातले असंख्य कुत्रे कोठे. हे सारे खरे आहे. म्हणूनच विमानतळावरचा पहारा दुप्पट करा असे आमचे म्हणणे नाही. पहारा तेवढाच ठेवून प्रश्न बदलावेत एवढेच मागणे आहे. लेश्मानिया असलेल्या देशातून कुत्रा आला तर रक्ततपासणी मागावी. जंताच्या आणि गोचिडीच्या औषधाची तारीख, रेबीजच्या लसीप्रमाणेच, ठरावीक मुदतीच्या आत असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या कुत्र्याचा कागद मुंबईच्या फाईलमध्ये न राहता, कुत्रा जेथे राहणार त्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्याकडे जावा. म्हणजे सहा महिन्यांनी, वर्षाने गावचा पशुवैद्य त्याला पुन्हा पाहील. ज्या रोगाला दिसायला वर्ष लागते, त्याच्यावर एका सकाळची नजर पुरत नाही.

शाळेच्या अंगणात

उरला आमच्या उत्तराचा दुसरा भाग : "गावच्या कुत्र्यांपासून जपा." हा सल्ला सर्रास दिला जातो. चाव्याच्या आणि रेबीजच्या बाबतीत तो योग्यच आहे. परजीवींच्या बाबतीत तो लक्ष भलतीकडे वळवतो. गोलकृमीचे ताजे अंडे लागण करू शकत नाही. मातीत किमान दोन आठवडे काढल्यावर त्याच्या आत अळी तयार होते आणि मग ते अंडे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, टिकते. मातीत खेळून हात न धुता खाणाऱ्या मुलाच्या पोटात ते गेले की अळी शरीरभर भटकते. क्वचित डोळ्यात जाऊन दृष्टी कायमची अधू करते. म्हणजे धोका कुत्र्याला हात लावण्यात कमी आणि ज्या मातीत त्याची विष्ठा पडून राहिली त्या मातीत जास्त. याच आकडेवारीत उपायही आहे. मैदानावरची विष्ठा रोज उचलून खोल पुरली तर अंड्याला त्याचे दोन आठवडे मिळतच नाहीत. वाळूचा हौद असेल तर तो शाळा सुटल्यावर झाकावा. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. पावसाळ्यात चप्पल हे औषधच आहे, आणि जिच्यापाशी चप्पल नाही त्या मुलीला उपदेशापेक्षा चप्पल मिळवून द्यावी.

मटणाच्या दुकानाकडेही पाहावे. आठवडी बाजारात बकरा कापल्यावर गाठी असलेले यकृत, फुप्फुसे बाहेर टाकली जातात आणि ती कुत्री खातात. त्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी वाढतात. सहासात आठवड्यांत अंडी बाहेर पडू लागतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर त्याच्या यकृतात तशाच गाठी होतात, ज्या वर्षानुवर्षे कळत नाहीत. गाठ असलेले मटण खाल्ल्याने हा रोग होतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. वाट कुत्र्यावरूनच जाते. ही साखळी तोडायची तर दुकानदाराने टाकाऊ अवयव पुरले किंवा उकळले तरी पुरे.

शाळेतून हे घडते याला पुरावा आहे का? आइसलँडचे उदाहरण द्यावेसे वाटते. एकोणिसाव्या शतकात तेथे या गाठींच्या रोगाने अनेक जण पीडलेले होते. १८६३ साली क्राबे हे डॅनिश संशोधक तेथे गेले, कुत्र्यांची शवविच्छेदने केली आणि सुमारे चौथा हिस्सा कुत्र्यांत हा कृमी त्यांना आढळला. पुढच्याच वर्षी त्यांनी लिहिलेली एक छोटी पुस्तिका बेटावरच्या घरोघरी वाटली गेली. साध्या भाषेत, जीवनचक्र समजावून, टाकाऊ अवयव कुत्र्याला घालू नका असे सांगणारी. मागाहून कायदे आणि औषधे आली, पण सुरुवात वाचणाऱ्या माणसांपासून झाली. विसाव्या शतकात तो रोग तेथून जवळजवळ नाहीसा झाला.

शिक्षकांच्या हाती आजही एक तयार संधी आहे. २०१५ पासून १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी तुम्हीच मुलांना अल्बेंडॅझोलची गोळी देता. ती गोळी माणसाच्या जंतांसाठी आहे. कुत्र्याच्या गोलकृमीची भटकी अळी किंवा यकृतातली गाठ एका गोळीने बरी होत नाही, आणि कुत्र्यांकडून येणारा अंकुशकृमी गोळीने गेला तरी मातीतून पुन्हा येतो. त्या दिवशी गोळीबरोबर दहा मिनिटे मातीच्या जीवनचक्राला द्यावीत. गावात पाळीव कुत्री किती, त्यांतल्या किती जणांना गेल्या तीन महिन्यांत जंताचे औषध मिळाले, याची नोंद नववीचे विद्यार्थी रविवारच्या एका फेरीत करू शकतील. ती यादी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन द्यावी. औषध आणि मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. माणसाच्या गोळ्या कुत्र्यांना देऊ नयेत. भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात नसबंदी व लसीकरणाबरोबर जंतनिर्मूलनाचाही उल्लेख होता. त्या आदेशावर गदारोळ पुष्कळ झाला, हा एक शब्द मात्र फारसा कोणाच्या बोलण्यात आला नाही. आरोग्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

आता त्या बाईंना आमचे सुधारलेले उत्तर. बाई, मालक जवळ असताना मुलांनी त्या कुत्र्याला हात लावायला हरकत नाही. लेश्मानिया स्पर्शाने पसरत नाही. हात लावून झाल्यावर साबणाने धुवावेत, आणि गावच्या कुत्र्याला हात लावल्यावरही तसेच. कुत्र्याच्या मालकांना तीन गोष्टी विचारा : जंताचे औषध शेवटचे कधी दिले, गोचिडीसाठी काय करता, आणि इटलीत असताना किंवा येथे आल्यावर लेश्मानियासाठी रक्त तपासले का. कागद दाखवू लागले तर पाहून घ्या, पण त्यावरची तारीख वाचा. आणि मग शाळेच्या मैदानावर एक चक्कर मारा.